मालक अकरा, तारीख एक

सोमवार, ७ फेब्रुवारी १९६६

आज गोगटे साहेबांनी आत बोलावलं आणि "बसा" म्हणाले. सांगलीच्या या कचेरीत मला दीड वर्ष झालं, पण साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसायची ही पहिलीच वेळ.

पुण्याच्या वरच्या कार्यालयाचं पत्र आलंय. छोट्या कारखान्यांनी दर तिमाहीला सरकारकडे एक माहितीपत्रक द्यायचं. कामगार किती, माल किती निघाला, वीज किती जळाली. शेवटची तारीख कोणती, ते मात्र इथली परिस्थिती पाहून आपण सुचवायचं. 'तिमाही संपल्यावर सात तारीख योग्य वाटते' असं त्यांचं मत खाली आहेच. तारीख चुकली की दंड.

साहेब म्हणाले, "मिस उबाळे, हे काम तुमच्याकडे. कुपवाडच्या वाटेवरच्या अकरा कारखान्यांपासून सुरुवात करा. मालकांशी बोला, तारीख ठरवा आणि टिपण तुमच्या सहीनं पाठवा. माझी सही अगदीच लागली तर."

केवढा विश्वास! बाहेर हेडक्लार्क गालातल्या गालात हसत होते. काम त्यांना मिळालं नाही म्हणून असेल.

घरी आल्या आल्या आत्याला सांगितलं. भामाआत्या मिरजेला दवाखान्यात आया आहे, तिच्याकडेच मी राहते. ती म्हणाली, "तारीख ठरवायची? लग्नाची हाय व्हय? मग त्यात काय अवघड!"

मलाही तसंच वाटतं. आठवड्याचं काम.

गुरुवार, १० फेब्रुवारी

पहिला कारखाना हिंदुराव यादवांचा. उसाचे चरक बनवतात. माणूस दांडगा, मिशा त्याहून दांडग्या. मला पाहून त्यांनी चहा सांगितला. मग नाव विचारलं, गाव विचारलं. लोणंद म्हटल्यावर आडनाव विचारलं. सांगितलेला चहा त्यानंतर आलाच नाही. हे मला नवीन नाही. मी वही उघडली.

"सात तारीख? आवं बाई, कसं जमंल? आमचं दिवाणजी सोमवार-गुरुवार दोनच दिस येत्यात."

"आज गुरुवारच आहे. त्यांनाच विचारते."

"आत्ता हितंच हुतं की!" हिंदुरावांनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर चोपडी उघडी होती, शाई ओली होती, आणि शेजारी कागदाच्या पुडीत लवंगा होत्या. दिवाणजी मागच्या दाराने गेले असावेत. सरकारी माणूस आला की भलेभले असेच जातात.

निघताना मालक म्हणाले, "पलीकडं सयाजीचा कारखाना हाय. त्याचं पत्रक आन् माजं पत्रक एका टेबलावर ठिवू नगा."

सयाजी यादव त्यांचा सख्खा चुलतभाऊ. दोघं कडेगावहून एकत्रच आले, एकत्रच भट्टी घातली. नऊ वर्षांपूर्वी बिनसलं. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोघं चरकच बनवतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

सयाजीराव हसरे निघाले. चहा आला. आडनाव सांगून झाल्यावरही आला.

"हिंदुरावनं कंची तारीख मागितली?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"अजून ठरली नाही."

"त्यानं सात मागितली तर मला आठ द्या. आठ मागितली तर सात. त्याच्या मागनं न्हाई आन् त्याच्या संगं बी न्हाई. बाकी आमच्या मास्तरला इचारावं लागंल. मंगळवार-शुक्रवार येत्यात ते."

एवढ्यात खिडकीबाहेरून एक सायकल सुसाट फाटकाकडे गेली. मागे खाकी कॅनव्हासची पिशवी. "त्येच की मास्तर!" असं सयाजीराव ओरडले. मी धावले, पण साडी नेसून सायकलीमागे कितीसं धावणार? मास्तरांच्या टेबलावरही लवंगांची पुडी. या भागात लवंग खायची फार सवय दिसते.

शनिवार, १२ फेब्रुवारी

मुक्ताबाईंकडे गुळाच्या काहिली बनतात. नवरा गेल्यावर कारखाना त्याच चालवतात, आणि हातोड्याच्या आवाजावर आवाज काढून बोलायची सवय असल्यामुळे घरातही तशाच बोलतात. मला गूळ-शेंगा दिल्या.

"तारखेचं मला काय इचारता? हवालदारभावजींला इचारा. बुधवारी आन् शनवारी येत्यात. आत्ता सायकल लावली हुती हितं! गेलं कुटं?"

हवालदारभाऊजीही गेलेच.

एक गोष्ट ध्यानात आली. पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या बऱ्याच माणसांना कुपवाडच्या वाटेवर हिशेबाचं काम मिळतंय. चांगली गोष्ट आहे. टिपणात घालावी.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

अकराही कारखान्यांच्या हरकती आल्या. सात तारखेला पगार, आठला बाजार, नऊला वीज बंद, दहाच्या आसपास अमावास्या. एकाने लिहिलंय की सर्वांनी एकाच दिवशी पत्रके आणल्यास कचेरीच्या दारात सायकलींची गर्दी होऊन अपघात संभवतो. हरकती इतक्या नीट मांडलेल्या आहेत की मला कौतुकच वाटलं. मालकांना इतकं चांगलं लिहिता येतं तर पत्रक भरायला काय होतं?

रविवार, २० फेब्रुवारी, लोणंद

काल साताऱ्याला उतरून विजयमालेला भेटले. वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. ती कोणत्या कचेरीत आहे ते इथे लिहीत नाही, ती नको म्हणाली. त्यांच्याकडेही अशीच पत्रकं येतात. तारीख सात. कुणाला न विचारता ठरवली.

"मग येतात का सातला?"

"सातला आमचे साहेब येतात," ती म्हणाली. "पत्रकं येतात श्रावणात."

आज घरी बाबांना सगळं सांगितलं. बाबा रेल्वेच्या गँगमध्ये आहेत, आयुष्य रुळांवर गेलं. म्हणाले, "लोणंदला सांजची गाडी पाचला म्हणून लिवलंय. म्या तिला पाचला कवा बघितली न्हाई. पर साडेपाचला कवा चुकली बी न्हाई. मंग साडेपाच लिवा की! लोक तरी पळत येनार न्हाईत."

आई म्हणाली, पोर घरी आलीय तर गाड्या सोडा आता. मटण फार छान झालं होतं.

सोमवार, २८ फेब्रुवारी

माझी युक्ती आज फसली. सगळ्या मालकांची सभा बोलावली होती आणि पत्रात मी मुद्दाम लिहिलं होतं: 'हिशेबनिसांसह हजर राहावे.' एकदाच समोरासमोर बसू आणि तारीख ठरवून मोकळं होऊ.

मालक अकरा आले. हिशेबनीस एकही नाही.

"दिवाणजींला ताप हाय," हिंदुराव म्हणाले.

"मास्तरला थंडी भरलीया," सयाजीराव.

"हवालदारभावजींच्या अंगात कसकस हाय," मुक्ताबाई.

उरलेल्या आठांचेही हिशेबनीस तापानेच आजारी. कुपवाडच्या वाटेवर साथ आली आहे!

सभा तशी झालीच. यादव बंधू खोलीच्या दोन टोकांना बसले आणि आमचे शिपाई केरूमामा यांच्यामार्फत बोलले. "केरू, त्याला म्हनावं, खोकू नगं, मला ऐकू येत न्हाई." "केरू, त्याला म्हनावं, कान धुवून ये." तारीख काही ठरली नाही.

आरोग्य खात्याला साथीबद्दल लगेच पत्र लिहिलं. गोगटे साहेबांनी न वाचता सही केली. बघा, विश्वास!

आत्याला सांगितलं तर ती भाकरी थापायची थांबली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अकरा जनांला एकाच दिशी ताप? अंजे, आजारी मानूस एकच आसंल गं!"

आत्याला साथीचे रोग कळत नाहीत. ती आया आहे, डॉक्टर नव्हे.

रविवार, ६ मार्च

आत्याचं बरोबर होतं. अजून विश्वास बसत नाही.

सकाळी तिचा डबा मिरजेला पोचवला आणि परत येताना बस बंद पडली म्हणून चालत निघाले. पुढे एका निंबाच्या सावलीत एक गृहस्थ सायकलीचं पंक्चर काढत बसले होते. साठीचे, ताठ, केस बारीक कापलेले, गालात लवंग. पंक्चरचं सामान तळाशी होतं म्हणून खाकी पिशवी पोत्यावर रिकामी केलेली. त्यात चोपड्या. वरच्या चोपडीवर हिंदुराव यादव. तिच्या खाली सयाजी यादव. तिच्या खाली मुक्ताबाई. मी मोजल्या. अकरा.

त्यांनी मला ओळखलं. हातातला पंप खाली ठेवून उभे राहिले, टाचा जुळवून.

"आप्पासो मोहिते. हवालदार क्लार्क, पेन्शनर."

"तुम्हाला ताप आहे ना?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"एक न्हाई बाईसाहेब. अकरा ताप हायती."

मग दोघंही हसलो. मी दगडावर बसले आणि ते पंक्चर काढता काढता सांगत राहिले. भाऊ वेगळे झाले तेव्हा आधी हिंदुरावांनी कामाला ठेवलं. मग सयाजीरावही आले. माझं लिहा, म्हणाले, फक्त हिंदुरावच्या दारात जाऊ नका.

"तितं जातोच, ह्ये म्या सांगितलं न्हाई. मंग सांगायचं ऱ्हाऊनच गेलं. नऊ वर्सं झाली. बाकीचं नऊ मागनं जोडलं गेलं. आता ह्या दोघांला कळू द्यायचं न्हाई म्हंजी कुनालाच कळू द्यायचं न्हाई. हिंदुराव दर सोमवारी इचारतो, 'दिवाणजी, सयाजीचं चरक किती गेलं, कानावर हाय का?' म्या म्हनतो, मला काय ठावं! मंगळवारी सयाजी तेच इचारतो. म्या तेच म्हनतो."

"आणि त्या हरकती?"

"त्या बी मीच लिवल्या," ते लाजून म्हणाले. "सायकलींची गर्दी जरा जास्तच झाली न्हवं?"

तारीख किती हवी, असं विचारलं. अकरा कारखान्यांचं उतरवून काढायचं तर वीसच्या आत देवाने सांगितलं तरी होणार नाही, म्हणाले. "सात धरली तर दंड मालकांला बसनार. मंग ते नवा मानूस बघनार. बरोबर हाय त्यांचं. पर बाईसाहेब, घरी बसून माजं हात काय करतील?"

माझ्याकडून कुणाला कळणार नाही, असा शब्द दिला. घरी आल्यावर आत्याची माफी मागितली. तिने लगेच विचारलं, "मग कोन हाय त्यो?" तिलाही सांगितलं नाही.

बुधवार, ९ मार्च

नियम दोनदा वाचले. एका माणसाने अकरा ठिकाणचे हिशेब लिहू नयेत असं कुठेही नाही. म्हणजे आप्पासोंची चूक नाही. पण टिपणात कारण काय लिहू? खरं लिहिता येत नाही. खोटं लिहायचं नाही. वरून सही माझी. टिपण परत आलं तर 'मुलीला जमलं नाही' म्हणतील, आणि त्यापुढे आणखी काय म्हणतील तेही मला माहीत आहे.

शेवटी लिहिलं: 'हिशेबनिसांच्या अडचणी लक्षात घेता वीस तारीख योग्य ठरेल.' 'हिशेबनिसांच्या' लिहिताना पेन जरा अडखळलं. पण आदरार्थी बहुवचन आहे. आप्पासोंना आदर द्यायलाच हवा.

सोमवार, २१ मार्च

आजचं आजच लिहिते.

पुण्याचे वर्तक साहेब माझं टिपण घेऊनच आले. सुनावणीला सगळे मालक हजर. गोगटे साहेब भिंतीशी, माझ्यापासून जमेल तितके लांब बसले. वर्तक साहेब ओरडत नाहीत. हळू बोलतात, ते जास्त वाईट.

"पगार सातला असतो. पगार दुपारी होतो, पत्रक सकाळी द्या. बाजार आठला. पत्रक बाजारात थोडंच न्यायचंय? वीज बंद असते. पत्रक विजेवर लिहितात का?"

एकेक हरकत अशी गळून पडली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अकरा कारखान्यांचे अकरा हिशेबनीस. आपापलं काम सात दिवसांत का करू शकत नाहीत, मिस उबाळे?"

मी टिपणाकडे पाहिलं.

"कारण माहीत नाही?"

"माहीत आहे, साहेब. पण ते मी सांगण्यासारखं नाही. दुसऱ्याचं आहे."

"सरकारी टिपणात दुसऱ्याचं काही नसतं." त्यांनी पेन उघडलं. "मग सात."

दारातून आवाज आला, "सर!"

आप्पासो. इस्त्रीचा खाकी कोट, हातात टोपी. मी त्यांना बोलावलं नव्हतं, देवाशपथ. ते सरळ टेबलापर्यंत चालत आले.

"सर, हिशेबनीस अकरा न्हाईत. एकच हाय."

"दिवाणजी?" हिंदुराव उठले.

"मास्तर?" सयाजीराव उठले.

"आगं बया, हवालदारभावजी!" मुक्ताबाई ओरडल्या आणि बाहेरच्या व्हरांड्यातले लोक आत डोकावले.

मग जो गोंधळ झाला तो लिहिणं अशक्य. हिंदुराव टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "नऊ वर्सं माजं सगळं तुमच्या हातात, आन् तुमी ह्याच्या दारात जात हुता?"

"जात हुतो."

"माजा आकडा ह्याला ठावं हाय म्हना की!"

 यावर उत्तर दिलं सयाजीरावांनी, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा केरूमामाला मध्ये न घेता.

"मला ठावं असता तर गेल्या साली चाळीस चरक जास्तीचं कशाला बनवलं असतं म्या? तू लय बनवतोयस आसं वाटलं म्हनून बनवलं. गंजलं की सगळं!"

हिंदुराव तसेच उभे. मिशा हलल्या. मला वाटलं आता हात उगारतात.

"माजं पंचेचाळीस गंजलं," ते म्हणाले. आणि हसायला लागले. आधी आवाज नाही, नुसतं पोट हललं. मग सगळी खोली हसली. वर्तक साहेबांनीही चष्मा पुसायला काढला.

मग ते आप्पासोंना म्हणाले, "अकरा मालकांचे हिशेब, आणि एकाचंही दुसऱ्याला कळलं नाही?"

"माझ्याकडनं न्हाई, सर."

"प्रत्येक मालकाने आपला माणूस ठेवला तर सातला जमेल."

यावर मुक्ताबाई उठल्या. "आन् त्यो मानूस चार ठिकानी बोलत फिरंल त्येचं काय? आमचं हेच ऱ्हातील. तारीख तुमी वाडवा, साहेब. कागद तुमचा हाय, तुमाला काय लागतंय?"

हिंदुराव बसता बसता म्हणाले, "माजं बी हेच." सयाजीराव म्हणाले, "माजं बी."

वर्तक साहेबांनी माझ्या टिपणावर लिहिलं: 'वीस. मान्य.' मग मला म्हणाले, "तुमचं वाक्य मी नीट वाचलं होतं. बहुवचन मला खटकलं नव्हतं. चांगलं लिहिता."

गोगटे साहेबांनी लगेच खाली सही केली आणि आपल्या मार्गदर्शनाखाली हे झालं, असा शेरा मारून ठेवला. बरोबरच आहे, त्यांनीच तर मला पाठवलं.

व्हरांड्यात हिंदुरावांनी मला थांबवलं. मान खाली घालून म्हणाले, "उबाळेबाई, तुमाला ठावं हुतं. तरी न्हाई सांगितलंत."  आणि नमस्कार केला, दोन्ही हातांनी.

शुक्रवार, १५ एप्रिल

काल लोणंदला जयंतीची मिरवणूक. बाबांनी भेटेल त्याला सांगितलं की सरकारची तारीख माझ्या पोरीने हलवली. मी सांगत होते, एका जिल्ह्यातल्या एका पत्रकाची. कुणी ऐकलं नाही. दोघांनी मला गाडीच्या वेळेचंही काही तरी बघायला सांगितलंय.

बुधवार, २० एप्रिल

पहिली शेवटची तारीख. नऊ पत्रकं सकाळीच आली. आप्पासोंनी सगळी कामं उरकून मालकांच्या हाती दिली आणि गावच्या जत्रेला गेले. मुक्ताबाई म्हणत होत्या, एवढ्या वर्षांत त्यांनी घेतलेली ही पहिली रजा.

राहिली दोन. यादवांची. भरून तयार होती, पण दुसऱ्याने दिलं का ते बघत दोघं थांबलेले. शेवटी आज कचेरी बंद व्हायच्या सुमाराला हिंदुराव जिना चढून आले, आणि त्यांच्या मागोमाग सयाजीराव.

दोन्ही पत्रकं मी एकाच टेबलावर ठेवली. कुणी काही म्हणालं नाही. "पावती लिहिते, बसा," म्हटलं. बाहेर बाक एकच आहे. दोघं दोन टोकांना बसले. दार उघडं होतं.

 मग हिंदुराव समोरच्या भिंतीला म्हणाले, "ऊन लय हाय औंदा."

"व्हय," सयाजीराव खिडकीला म्हणाले. थोड्या वेळाने, "काकी कशी हाय?"

"गुडघं धरल्यात. तुजं नाव काडती."

"येतो म्हनावं."

"कवा?"

सयाजीरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कवा त्ये सांग की. भाकरी टाकाया सांगतो."

पावती म्हणजे दोन ओळी. नाव, तारीख, सही, शिक्का. मी टाकाची निब बदलली. टीपकागद शोधला, हाताखालीच होता तरी शोधला. शिक्क्याची गादी कोरडी वाटली म्हणून केरूमामांना शाई आणायला खालच्या मजल्यावर पाठवलं. ते म्हणाले, कालच भरली. मी म्हटलं, मामा, जा तुम्ही.

"रविवारी," बाहेर सयाजीराव म्हणाले.

"रविवारी कवा? सकाळी का सांजचं?"

"सकाळी येतो. सांज करूनच जातो."

हिंदुरावांनी घसा खाकरला आणि आत डोकावून मला विचारलं, "बाई, पावती झाली न्हाई व्हय आजून?"

मी तोंड उघडायच्या आत सयाजीरावच म्हणाले, "असू दे की दादा. कुटं गाडी सुटाय लागलीया?"